नाव खोडण्याचा अर्ज

नाव सरला दत्तोपंत खांडवेकर, वय ६१, व्यवसाय निवृत्त शिक्षिका, राहणार पीपलरावां, जिल्हा देवास. पोलीस ठाण्याचं काम हिंदीत चालतं. मी मराठीत सांगितलं ते माझ्याच हातानं लिहून जोडत आहे.

समक्ष हजर राहून सांगते की, माझा एकुलता एक मुलगा प्रणव, वय ३४, ता. १४ जून २०२१ रोजी सकाळी घर सोडून गेला. आदल्या दिवशी मी त्याला एक वाक्य बोलले होते. ते इथं लिहिण्याची गरज नाही. तो हरवल्याची नोंद याच ठाण्यात आहे. वडिलांमागं पाच बिघे जमीन त्याच्या नावावर झाली. ती मी बटाईनं देते.

यंदा ग्रामसभेत लोकांनी ओरड केली म्हणून शेतकरी अनुदान घेणाऱ्यांची यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. ता. ३ सप्टेंबर २०२५ रोजी मी ती वाचली. एकेचाळिसावं नाव प्रणवचं होतं, पुढं सगळे हप्ते मिळाल्याची नोंद. यादीत दोन मेलेली माणसंही होती. शेजारचे भैयासाहेब म्हणाले, "ताई, सब फर्जीवाड़ा है, आप तो लिखके दे दो." मलाही तेच वाटलं. माझ्या आजेसासऱ्यांनी देवास संस्थानचा खजिना सांभाळला, पण सरकारी दौतीतल्या शाईनं कधी घरचं पत्र लिहिलं नाही. शिवाय प्रणव असता तर चार वर्षांत आईला एक फोन केलाच असता, असं मी धरून चालले. त्याच दिवशी तहसील कार्यालयात अर्ज दिला: "सदर इसम हयात असल्याचा पुरावा नाही, नाव खोडावे." एवढ्या लवकर कारवाई झालेला अर्ज मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

ता. १९ रोजी कार्यालयातल्या बाबूनं बोलावून मला जुलैतल्या पडताळणीचा फोटो दाखवला. दाढी वाढलेली, पण डाव्या भुवईवरची खोक तीच. झोपाळ्यावरून पडला तेव्हा मीच तिच्यात हळद दाबली होती. ठिकाण धरमपुरी, जिल्हा धार. माझा मुलगा जिवंत होता आणि मी त्याला कागदावर मारून आले होते. बाबूनं पाणी दिलं, ते मी प्याले.

ता. २० रोजी पहिल्या बसनं निघून धरमपुरीला गेले. नदीच्या घाटाजवळच्या त्याच्या खोलीचे मालक संताजी यांनी सांगितलं की तो नावाड्यांचे अर्ज भरून द्यायचा, सगळे त्याला मास्टर म्हणत. नाव बंद झाल्याचा मेसेज आला म्हणून त्यानं चौकशी केली, तेव्हा तक्रारीची प्रत त्याच्या हाती पडली. अक्षर त्यानं ओळखलं. संताजींचे शब्द: "कागद हातात घेऊन बसले होते, बहनजी. बोले, माँ ने लिखके दे दिया कि मैं हूँ ही नहीं. सोमवारी सकाळी निकल गए, परत आलेच नाहीत. भिया का चश्मा भी यहीं पड़ा है." चष्म्याशिवाय त्याला दहा पावलांवरचं दिसत नाही. चष्मा मी सोबत आणला आहे.

विनंती अशी की धरमपुरीचा घाट, नावा आणि बसस्थानक आजच्या आज पाहावं. उद्यावर टाकू नये, मी पाया पडते. खोट्या अर्जाबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. यादीत त्याचं नाव पुन्हा लावावं, त्याला दिसेल असं.

हिंदीत उतरवलेला हा जबाब हवालदारांनी मोठ्यानं वाचला, मी ऐकला. माझ्या माहितीप्रमाणे सर्व खरं आहे. ता. ३ च्या अर्जाखालीही मी हेच लिहिलं होतं.

सही: सरला खांडवेकर, प्रणवची आई