ताटात उरलेलं

ठाण्याच्या डॉक्टर आठवल्यांकडे वजन उतरवायला लांबून माणसं येत. त्र्यंबकराव मात्र रक्तदाबासाठी आले होते. बायको गेल्यापासून तो चढाच होता. बाकावर शेजारी मिठागरवाला पंढरी बसला होता. त्याची बायको आवडाबाई नुकतीच तपासून घेऊन बाहेर आली.

"काय बोलला डाक्टर?"

"कालजावर भार आलाय. वजन उतरलं नाय तर वरीस काढनं कठीन."

"मंग औषध?"

"औषध नाय दिलं. मी काय काय खाते ते सगलं लिवून घेतलं."

"काय सांगितलंस?"

"दोन वखताला एक एक भाकर. वाटीभर भात."

"आन् आमच्या ताटांत उरतं ते?"

"ते काय जेवन हाय? टाकवत नाय म्हनून खाते."

"नऊ ताटं होतात, आवडे. परत जा, सांग त्याला."

"उष्टं खाते म्हनून सांगू? घराची अब्रू जाईल."

"जाऊ दे. चल, मी सांगतो."

"आता या म्हातारबाबांचा नंबर हाय."

"तुम्ही जा आधी," त्र्यंबकराव म्हणाले. "माझी घरी कोणी वाट बघत नाही."