ओगाता-सानची हिरवी पिसं

नाही, पण मी म्हणतो, रविवारी माणसाने झोपायचं नाही तर कधी झोपायचं? पण नाही! आमच्या वृंदाबाईंनी भल्या सकाळी पडदा सर्रकन ओढला आणि वर, "ऊठ उल्हास, कार्निव्हलला जायचंय! कॅरिबियन!" आता तुम्हाला सांगतो, आम्ही मूळचे पुण्याचे, राहतो जपानात, एदोगावात, आणि ऑगस्टच्या उन्हात उभं राहून बघायचं काय, तर जपान्यांनी बसवलेला त्रिनिदादचा नाच!

माझं डोकं आधीच फिरलेलं हो. शुक्रवारी रजा मागितली होती. कशाला? चैनीला? सख्ख्या बहिणीच्या लग्नाला! सुचेताचं लग्न डिसेंबरात, मी एकुलता एक भाऊ, नवरदेवाचा कान कोण पिळणार? आणि आमचे साहेब, ओगाता-सान, त्यांनी दातांतून हवा ओढली... "स्स्स... चोत्तो..." चोत्तो म्हणजे 'जरासं'. अहो, जरासं काय? पुढे काही नाहीच! असं वाक्य अर्धवट सोडलं की समजायचं, पक्का नकार. का, तर डिसेंबरात सिस्टिमचं रिलीज आहे. मग? बहिणीचं लग्न काय दर तिमाहीला असतं?

बरं, पोचलो. फुटपाथवर लोकांनी आदल्या दिवशीच निळ्या चादरी अंथरून ठेवलेल्या, आणि कुणी त्यावर पाऊलसुद्धा ठेवत नाही! आपल्याकडे एसटीत रुमाल टाकला तर माणूस रुमालावरच बसतो. मग काय, आम्ही मागे, उन्हात. भाजलेलं कणीस घेतलं, खाल्लं, आता टाकू कुठे? अख्ख्या रस्त्यात कचऱ्याचा डबा नाही! "कचरा घरी न्यायचा असतो, पापा," इति आमची आर्या, इयत्ता दुसरी. धरलं हातात. तेवढ्यात लोखंडी पिंपांचे ते ड्रम घुमायला लागले, आणि साठी-सत्तरीच्या आज्या, टिकल्यांचे कपडे, डोक्यावर पिसं, कमरा अशा हलवतायत... सगळं जग मजा करतंय आणि मला म्हणे रजा नाही! मी नुसता पाय हलवला, तर लगेच लाल दांडीवाला गार्ड, "धोका आहे, कृपया मागे सरका." अहो, माझ्या पायाचा कुणाला धोका?

आणि मग आला तो. डोक्यावर हिरवी पिसं, उघडी छाती, चमचमती विजार. वृंदा ओरडली, "अगं बाई! हे तुझे ओगाता-सान ना रे?" तुम्हाला सांगतो, हा माणूस ऑफिसात हसतो तेसुद्धा तोंडासमोर फाइल धरून! इथे पिसं लावून नाचायला ह्याला वेळ आहे आणि मला म्हणे रजा नाही! बरं, बघून लाजेल? छे! "उरुहासु-साआआन!" म्हणजे मीच, उल्हासराव, असं करत आला, माझा हात धरला आणि दोरीच्या आत ओढलं. हातात ते कणीस. मागून आर्या, "पापा, यामेते!" म्हणजे 'बाबा, नको ना!' पोरीला बापाची लाज वाटते, तीसुद्धा जपानीतून!

पण असा संताप आला ना... नाचलो! कणीस वर धरून, विसर्जनाला नाचतात तस्सा, आणि प्रत्येक ठेक्याला ओरडलो, "रजा दे! रजा दे!" तर मागच्या आज्यांनी ते कोरसमध्ये उचललं! ओगाता-सान सगळ्यांत मोठ्याने! मला विचारतात, "हे कुठे शिकलात?" म्हटलं, "लग्नात! आमच्याकडे वरातीत भर रस्त्यात नाचतात, बँड लावून!"

सोमवारी हाच माणूस टाय लावून हजर. मला मीटिंग रूममध्ये नेलं, दार लावलं. "स्स्स... चोत्तो..." मेलो, म्हटलं. गेली रजा, आता नोकरीही जाते. आणि म्हणतात कसे, "डिसेंबरात रजा घ्या." अहो, पाया पडणार होतो मी! तर पुढे, "मीपण येतो. वरातीत नाचायचंय." सुचेता फोनवर रडकुंडीला आलीये, "दादा, लोक मला बघणार की त्यांना?" काय सांगू तिला? आणि परवा साहेबांनी तिकिटंही काढून आणली. माझ्या शेजारची सीट त्यांची. म्हणाले, "विमानात भरपूर वेळ आहे, रिलीजचं सगळं बोलून घेऊ."

मिळाली हो रजा... साहेबासकट!