सही कुणाची

– छे हो, नशीब कसलं! तपासणीच्या टेबलापासून संचालकाच्या खुर्चीपर्यंत नशीब कुणाला उचलून नेत नाही, आपणच फरफटत जावं लागतं. लिहा हे तुमच्या कंपनीच्या मासिकात. पहिली बाई संचालक – मथळा तोच ना? असू दे. पुढचं विचारा. घरच्यांचा पाठिंबा? होता की! होता म्हणजे काय, आमचे हे याच कारखान्यात होते, सलाईनच्या बाटल्या भरतात त्या विभागात सुपरवायझर. माहीत नव्हतं ना? कसं असणार, त्यांचं नाव इथं कुणी काढतच नाही.

मी तेव्हा तपासनीस. प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या उलट्या धरायच्या, दाबायच्या, गळत नाहीत ना बघायचं नि सही ठोकायची – एवढंच काम. दुसऱ्या दिवशी माझी विभागप्रमुखाची मुलाखत होती, म्हणून ह्यांना म्हटलं, अहो, आजच्या तेवढ्या तुम्ही बघा नि सहीही तुमचीच करा, मी मागच्या खोलीत वाचत बसते. ‘बस तू, मी आहे ना,’ म्हणाले. आता स्वतःचं मशीन सांभाळून एकटा माणूस किती बघणार? खेप गळकी निघाली, सगळा माल परत आला. कुणा पेशंटला काही झालं नाही हं – ते आधी लिहून घ्या.

चौकशीत साहेबांनी विचारलं, तपासणीला कोण होतं? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी – खोटं नाही बोलले हो मी – एवढंच म्हटलं, सही कुणाची आहे ते बघा ना. हे मान खाली घालून उभे. महिन्याभरात ते घरी बसले नि मी प्रमुख झाले. दोघं मिळून बुडालो असतो तर काय हाती लागलं असतं? सांगा ना तुम्हीच!

अकरा वर्षं झाली. एकदा भांडले असते तरी चाललं असतं. पण नाही – केर काढतात, माझा डबा भरतात, साडीला इस्त्री करतात. आज सकाळी सांगितलं, अहो, मी संचालक झाले. इस्त्री बाजूला उभी केली नि म्हणाले, ‘अभिनंदन, मॅडम.’ मॅडम! टोमणा असता तर मी ओळखला असता. टोमणा नव्हताच तो, अगदी मनापासून –

लिहिताय काय अजून? ते पान फाडा. फाडा म्हणते ना! नोकरी अजून कायम व्हायचीय ना तुमची?

हं. शहाणे आहात. जाताना दार ओढून घ्या.