जिभेची पन्हळ

...अहो पण जीभ काढायची का या वयात, सांगा मला! आमच्या वेळी शाळेत जीभ काढली की छडी बसायची, आणि आता शाळाच म्हणते, जीभ काढा!

तुम्हाला सांगतो, नात माझी नववीत. जीवशास्त्र! तक्ता घेऊन आली, "आजोबा, घरात कोणाची जीभ पन्हळीसारखी वळते ते लिहायचंय. आईबापाकडून येतं ते. आनुवंशिकता!" म्हटलं, बये, एवढा शब्द बोलायलाच जीभ वळावी लागते की!

झालं, सगळं घर लागलं जिभा काढायला. सून माझी गरीब हो, कधी वर तोंड करून बोलली नाही... ती समोर उभी राहून मला जीभ दाखवते! "अभ्यासासाठी हं, बाबा!" आणि आत काही घेईना! मुलाची अशी झकास पन्हळ, पाणी सोडलं तर थेट मोरीत जाईल. म्हातारीची सपाट. आणि माझी? वळते हो! शिट्टी मारतो मी तिच्यातून! पण सरळ सांगेन तर मी कसला? म्हटलं, "नाही बुवा वळत."

पोर तक्त्याकडे बघते, माझ्याकडे बघते. "आजीची नाही... आजोबांची नाही... मग बाबांची आली कुठून?"

म्हातारी चहा गाळत होती. गाळणं तसंच हवेत! "जीभ काढा."

"अगं, गंमत केली..."

"जीभ काढा म्हणते ना!"

काढली. आणि वळेना! कडा बोटांनी दाबतोय, आरशात बघतोय, लाळ शर्टावर... जन्मभर जगाला वेडावून दाखवलं जिनं, ती ऐन वेळी ओंडका! "सकाळी वळत होती गं!" "हो का? सकाळी?" म्हणाली, आणि माझा भरलेला कप परत पातेल्यात!

शेवटी नातीलाच दया आली. "आजोबा, शिट्टी मारा बघू." मारली... आणि वळली की हो! जीव भांड्यात पडला. तर कार्टी काय म्हणते? "तशी गरज नव्हती. बाईंनी सांगितलंय, आईबापाची वळत नसली तरी पोराची वळू शकते."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुमचं तोंड बघायचं होतं!"

तिची स्वतःची जीभ वळत नाही बरं का, आजीसारखी सपाट. पण ही खोडी कोणाची, ते सांगायला तक्ता कशाला हवा?

आणि म्हातारी? हसली हो, हसली... पण तेव्हापासून रोज सकाळी किटली हातात धरून उभी राहते. आधी जीभ काढा, म्हणते, मग चहा!