सतरा पोरांचं सायन्स

माहं नाव शशिकला. माहेर गोंडपिपरी तालुक्यातलं, पण लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून वैनगंगेच्या या बाजूले राह्यतो. शाळेचं नाव नका लिहू, जिल्हा परिषदेची शाळा अन् ज्युनिअर कॉलेज, चामोर्शीकडची, येवढं लिहा, बस झालं. काऊन की जे सांगणार हाये त्यात चुका बी हाये. माही चूक मी सांगीन, दुसऱ्याचं नाव माह्या तोंडून नाई निघणार.

आमच्या बाबाची दोन एकर धानाची जमीन, बाकी दुसऱ्याच्या बांधीत मजुरी. आमी बौद्ध, दर रविवारी विहारात जायचं, अन् शिक्षण सोडायचं नाई, येवढे दोन कायदे घरात होते. कापणी झाली की बाबा धानाचे भारे मोजे, मी त्याच्या मागून मोजो, दोघांच्या मोजणीत फरक आला त दोघंही पुन्हा पहिल्यापासून मोजो. बाबा म्हणे, तुहं चुकलं का माहं चुकलं हे नको सांगू, मोज. ती सवय अजून गेली नाई. मी मोजल्याशिवाय बोलत नाई, अन् मोजलं की थांबत नाई. शाळेत काही लोकं मले मोजणीबाई म्हणते, माह्या मागं म्हणते, पण मले माहीत हाये.

बारावी आर्ट झाली अन् लग्न झालं. नवरा इथंच शाळेत प्रयोगशाळेत होता, परिचर म्हणते त्याले. पोरगी प्रणाली चार वर्षांची होती अन् तो गेला, कावीळ झाली होती, बारा दिवसांत खेळ खतम. त्याच्या जागेवर मले घेतलं, अनुकंपा. पंधरा वर्षं झाली. पहिल्या दिवशी मोठ्या बाईनं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापक बाईनं, प्रयोगशाळेचं कुलूप उघडून देलं अन् म्हणल्या, शशिकला, मोजून घे. मी मोजलं. परीक्षानळ्या बासष्ट, ब्युरेट नऊ अन् त्यातल्या दोनची तोटी गळकी, सूक्ष्मदर्शक तीन अन् एकाचा आरसा नाई. त्याच्या हाताची साफ केलेली काच होती ती. मी पुसत पुसत रडली, अन् रडत रडत मोजली. आता त्याचं काही नाई.

शाळा कशी हाये म्हणता, काय सांगू तुमाले, तुमी पाहाल तवाच समजन. पाचवी ते बारावी, औंदा चारशे बारा पोरं. आठवीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून घेणाऱ्याची तुकडी अलग, त्याले सेमी म्हणते. पुढं अकरावी-बारावीले आर्ट हाये, सायन्स हाये, अन् एक व्यवसायाचा कोर्स हाये, त्यात पोरं पंपाची मोटर खोलते, रोपवाटिका करते, शाळेच्या मागं भेंडी-वांगे लावते, आमी सगळे तेच विकत घेतो. आर्टले पोलीस भरतीवाले पोट्टे जास्त, सकाळी ग्राउंडावर पळते अन् इतिहासाच्या तासाले झोपते. सर म्हणते झोपू द्या, धावून आला हाये.

अन् पोरं कोणाची म्हणान त सगळ्याची. बौद्धाची, कुनब्याची, तलावावर जाळं टाकणाऱ्या ढिवराची, जंगलातल्या टोल्यावरची, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्तीवरची, गोंडाची, बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली, दोन-चार घरं तेलुगू बोलणारी. एका बाकावर तीन पोरी बसते अन् तिघींची घरची बोली तीन. प्रयोगशाळेत एक म्हणते एर आण, दुसरी म्हणते जोल दे, तिसरी म्हणते नीळ्ळु, सगळ्याले पाणीच पाहिजे राह्यते. पहिले मले समजे नाई, आता मी बोलली नाई तरी हात आपोआप बादलीकडं जाते. भांडण नाई होत असं नाई, होते. डब्यातल्या मासोळीवरून होते, सुकटीच्या वासावरून होते. पण दुपारून तेच पोट्टे एकमेकाच्या डब्यात हात घालते.

आता चुकीची गोष्ट. प्रयोगशाळा मी चकाचक ठेवली होती, पण प्रयोग होत नोहते. वर्षभर शिकवणं, अन् परीक्षा आली की गेल्या वर्षीच्या जर्नलमधून या वर्षीच्या जर्नलमध्ये नक्कल. आमचे सायन्सचे सर चांगले माणूस, धानोऱ्याकडचे, गोंडी बोलणारे, पण एकटे तीन विषय शिकवत. वेळ कुठून आणतील. मले हे माहीत होतं अन् मी चूप होती. चाबी माह्या हातात अन् मी चूप, हे लिहा.

तर चार वर्षांमागं, प्रणाली दहावी झाली. पंच्याऐंशी टक्के. मी तिले चंद्रपूरले टाकलं, कॉलेज अन् कोचिंग सोबत, होस्टेलमध्ये. माह्या मनात होतं का इथी राहून काय होणार. हे मी कोणाले बोलली नाई, पण मनात होतं.

त्याच जूनमध्ये मोठ्या बाई गडचिरोलीहून मीटिंग करून आल्या, पाणी बी नाई पिल्या. म्हणल्या, अकरावी सायन्सले वीस पोरं दाखवा, जुलैच्या शेवटल्या शनिवारपर्यंत, नाईतर तुकडी बंद, पोरं दुसऱ्या शाळेत अन् प्रयोगशाळेची पोस्ट सिरोंच्याकडं. मी मोजले, सतरा. पुन्हा मोजले, सतराच.

खरं सांगतो, पहिले मले माही पोस्टच दिसली. सासू बिछान्याले, घर इथी, सिरोंच्याले मी कशी राह्यणार. सायन्स बंद होईल तर या सतरातल्या अकरा पोरींचं काय होईल, हे मंग आठवलं. अकराही घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्या. त्याईले कोण पाठवणार होतं बाहेर.

सर म्हणले चला, पोरं शोधू. सरच्या गाडीवर आमी फिरलो, पाऊस चालू, धानाची रोवणी चालू, माणसं घरी भेटे नाई म्हणून बांधीतच जाऊन उभे राहो. पहिले बंगाली कॅम्पात गेलो. तिथी मिताचे बाबा, सायकलवर मासोळी विकते, म्हणले दीदी, सायन्स घेऊन मासोळी जास्त ताजी होते काय? मी म्हटली, ताजी नाई होत, काऊन सडते ते समजते. हासला माणूस. म्हणला घेऊन जा, पण पोरगी अंधाराच्या आत घरी पाहिजे. अठरा झाले.

मंग टोल्यावर गेलो. तिथी जानो म्हणून पोरगी, दहावीले गणितात वर्गात पहिली. तिची माय रोवणी करून राह्यली होती, सोबत पाच-सहा बाया. सर गोंडीत बोलले, मी मराठीत बोलली, का आमची शाळा चांगली हाये, जवळ हाये, बाई माणसं हाये. ती वाकल्या वाकल्याच म्हणली, तुले पोरगी हाये का बाई? मी म्हटली हाये, एकच हाये, यंदा अकरावीलेच हाये. म्हणली, मंग इथीच असन. मी म्हटली नाई, चंद्रपूरले हाये. ती सरळ उभी झाली, माह्याकडं पाह्यलं अन् गोंडीत काही बोलली. सगळ्या बाया खदखदा हासल्या. सर हासले नाई. रस्त्यानं मी विचारलं, सर काय म्हणली? म्हणले जाऊ द्या बाई. मी म्हटली नाई, सांगा. गाडी थांबवून सांगितलं, म्हणली की आपल्या घरच्या भाजीची तारीफ करून राह्यली अन् स्वतः दुसऱ्याच्या घरी जेवते.

मले राग नाई आला. रागाले जागाच नोहती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातले बाबू म्हणले, मोजणीबाई, येवढी काऊन फिरता, प्रणालीचं नाव इथी लिहा, पोरगी तिथी शिकू द्या. आजकाल सगळे तेच करते, नाव खेड्यात अन् पोरगं शहरात. असं अजून एक नाव मी आणतो, झाले वीस. मी म्हटली बाबू, नाव लिहून पोरगं होत नाई. म्हणले मंग बांधा बिस्तर, सिरोंच्याले गर्मी बहुत हाये. मी घरी आली. सांगू का, एक संध्याकाळभर मले बाबूचं म्हणणं बरोबर वाटलं. पोरगी बी वाचे, पोस्ट बी वाचे. पण जानोची माय डोळ्यापुढून जाये नाई.

रविवारी एसटीनं चंद्रपूरले गेली. होस्टेलच्या पायऱ्यावर बसून प्रणालीले सगळं सांगितलं. ती आयकून घेतली अन् म्हणली, म्हणजे तुह्या नोकरीसाठी मी वापस येऊ? मी म्हटली, ते बी हाये. ती म्हणली, ते बी म्हणजे? मी म्हटली, म्हणजे माही नोकरी हाये, अन् अकरा पोरी हाये, अन् मले लाज वाटली ते हाये, तिन्ही हाये, मी एक सांगून दोन लपवत नाई. ती म्हणली, इथले सर किती चांगलं शिकवते तुले माहीत नाई. मी म्हटली, नाई माहीत. ती म्हणली, माहे मार्क कमी पडतीन. मी म्हटली, पडू शकते. मंग ती रडली अन् म्हणली, तू जबरदस्ती तरी कर, म्हणजे मले तुह्यावर रागावता येईन. मी म्हटली, जबरदस्ती नाई करत, मी विचारायले आली. चिवड्याचा डबा देली अन् शेवटल्या गाडीनं परत आली.

पाच दिवस फोन नाई. सहाव्या दिवशी मी भांडी घासून राह्यली होती, अन् दारात पेटी आदळल्याचा आवाज आला. पोरगी उभी, हातात टीसी. मले म्हणली, हासू नको, माही एक अट हाये. तिथी बी प्रयोग होत नाई, जर्नल पाहून जर्नल लिहिते, इथी बी तेच. मंग मी काऊन येऊ? मी येईन त सगळे प्रयोग खरे झाले पाहिजे, एक बी सोडायचा नाई. चाबी तुह्याजवळ हाये ना?

मी सोमवारी सरले सांगितलं. सर म्हणले, बाई, नऊ वर्षं झाली, माह्या हातानं टायट्रेशन झालं नाई, हात आयकन का? मी म्हटली, काच मी धुवून ठेवतो, हाताचं तुमी पाहा.

एकोणीस झाले होते. अन् जानो? तिच्या मायले कोणी सांगितलं का मोजणीबाईची पोरगी वापस आली, मले माहीत नाई. शुक्रवारी ती स्वतः पोरीले घेऊन आली, फाटकाजवळ उभी राह्यली, आत नाई आली. मले विचारली, कोणती तुही? मी दाखवली. तिनं प्रणालीले वरून खालपर्यंत पाह्यलं अन् जानोले म्हणली, तिच्याजवळ बस. वीस.

शनिवारी गडचिरोलीहून तपासणीचे साहेब आले, पोरं मोजले, गेले. साहेबाले पाच मिनिटं लागली.

पहिला प्रयोग झाला त्या दिवशी मी दारात उभी होती. सरनं ब्युरेटची तोटी धरली, थेंब थेंब पडे अन् वीस पोरं वाकून पाहे. सर म्हणले गुलाबी झालं की थांबायचं. एका थेंबानं झालं. मिता ओरडली, जानो गोंडीत काही बोलली, अन् सरच सगळ्यात जास्त हासले. मले आमचे हे आठवले, खोटं काऊन बोलू. दोन वर्षांत सगळे प्रयोग झाले, मी यादीवर टिक करत गेली, एक बी सुटला नाई. परीक्षानळ्या मात्र अठरा फुटल्या. फुटणं म्हणजे वापरणं, मी रागावली नाई.

आता जानो गडचिरोलीले बीएस्सी करते. मिता इथंच, व्यवसाय कोर्सच्या सरसोबत रोपवाटिकेत काम शिकते, तिले तेच आवडलं. सायन्स चालू हाये, औंदा सव्वीस पोरं. सर रिटायरले दोन वर्षं राह्यले, तरी बुधवारी प्रयोग म्हणजे प्रयोग. मोठ्या बाईचे, सरचे, त्या टोल्यावरच्या बाईचे माह्यावर उपकार हाये. बाबूचे बी हाये, त्याईनं सोपा रस्ता दाखवला नसता त मले माहा रस्ता दिसला नसता.

प्रणालीले बारावीत अडुसष्ट टक्के पडले. नर्सिंगले लागली, दुसरं वर्ष हाये. गेल्या महिन्यात सुट्टीत आली होती, तांदूळ पाखडून राह्यली होती. मी विचारली, पोरी, खरं सांग, मी तुहं नुकसान केलं का? तिनं सूप खाली ठेवलं नाई. म्हणली, तिथी राह्यली असती त मार्क जास्त पडले असते. मी म्हटली, किती? म्हणली, दहा-बारा तरी. मी म्हटली, मंग? म्हणली, मंग काही नाई, पडले असते.

अन् पाखडत राह्यली. येवढं सरळ बोलणारी पोरगी माह्या घरात हाये, याच्यावर मी काय मोजू. तिचं भलं होवो, त्या वीसही पोरांचं होवो. तुमी चहा घेऊन जा.