मामाच्या हेडफोनमधली शीळ

नाही, नाही, नाही — दादा, आधी चावी काढा, मग बोला! हं. आता तुमच्या यंत्राच्या त्या लोखंडी हाताला म्हणावं, पड जमिनीवर आणि झोप जरा. का म्हणजे? चाकासमोर ही लाल खडूची रेघ दिसतेय ना, तिच्याखाली जिवंत केबल आहे — कमरेइतकी खोल, मनगटाएवढी जाड, समोरच्या प्रसूतिगृहाला वीज देणारी — आणि ती मी शोधली, मी, आत्ता, एकटीनं! हसू नका. बरं, हसा. माझेच गाल दुखायला लागलेत हसून.

हो हो, माहितेय, काल मामानं तुमच्या मुकादमाला छाती ठोकून सांगितलं, इथं काही नाही, खुशाल खणा. म्हणून तर नाचतेय! मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ आणि आमच्या दोन माणसांच्या कंपनीचा मालक — दुसरं माणूस मी. आता बघा, काम कसं असतं — ती पिवळी पेटी खांबापाशी ठेवलीय ना, ती केबलमध्ये सिग्नल सोडते, आणि ही काठी घेऊन आपण वरून चालायचं. खाली केबल आली की काठी शीळ घालते, बारीक, डासासारखी, आणि बरोबर वर उभं राहिलं की कानठळ्या. काठीला पडदासुद्धा आहे, आकडे दाखवतो, शेंबड्या पोरालाही कळतील. पण मामा बघेल तर शपथ! चिकटपट्टी लावलीय त्यानं पडद्यावर, दादा — चिकटपट्टी! म्हणे डोळे फसवतात, काम कानानं करायचं. मग हेडफोन चढवायचा, डोळे मिटायचे आणि डुलत डुलत चालायचं, जसा काही मैफलीत बसलाय. आणि मी कॉलेजात काय गवत उपटत होते? म्हणून पैज लावली — त्यानं सोडलेली एक जरी केबल मला सापडली तर हेडफोन माझा, आणि पेटी उचलायला तो! आज तो रंगाचा डबा आणायला गेला आणि मी फर्रकन पट्टी काढली. दोन पावलं टाकली नाहीत तोवर काठी अशी किंचाळली — घ्या, तुम्हीच लावा कानाला. आली? बघा! झोपलेला माणूसही उठून बसेल!

मामाला कशी नाही आली? लक्ष नसेल त्याचं, दुसरं काय! आणि बायकांकडे तर त्याचं मुळीच लक्ष नसतं, हे सांगून ठेवते. काल तुम्ही रस्त्यापलीकडून हाक मारलीत, लगेच वळला. मी शेजारी उभी राहून विचारत होते, मामा, मी पुन्हा एकदा फिरू का — ढिम्म! मामीनं तर आता बोलायचंच सोडलंय, हातवारे करते. मी परवा घर डोक्यावर घेतलं, तोंडावर म्हटलं त्याला, तुझ्या लेखी बायकोला, बहिणीला, भाचीला काही किंमतच नाही, पुरुषाचा घोगरा आवाज आला की मात्र कान टवकारतोस! तर नुसता हसला. असा राग आला — खिशातला फोन वाजून वाजून थकतो, हा उचलत नाही, चहाची किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडते आणि हा शेजारी पेपर वाचत —

किटली.

किटली काही बाई नाही.

द्या तो हेडफोन इकडे, दादा. द्या म्हटलं ना. फोन, किटली, मामी, मी — आणि ही शीळ. सगळे बारीक आवाज. अगं बाई. आणि मी त्याला काय काय बोलले!

नाही, काही झालं नाही. तुमच्या डोक्यात जे आलंय ना, ते आलं तसं जाऊ द्या. मुकादमाला कळलं तर उद्यापासून आम्हाला कुणी दारात उभं करणार नाही, आणि मामाला दुसरं काही येत नाही हो, घरी बसवला तर मामीची भांडी विसळून विसळून झिजवेल. डॉक्टरकडे मी नेणार त्याला, फरपटत नेणार, ती गोष्ट वेगळी, ते माझं मी — थांबा. तुमचं दुसरं यंत्र कुठं चाललंय? शाळेच्या मागे? तिथंही मामानंच सांगितलं होतं, खणा म्हणून? फोन लावा. लावा लवकर! म्हणावं, हात वर घे, तसाच थांब. कारण? सांगा पेटी बिघडली होती, सांगा भाचीनं घोळ घातला, पोरीचा घोळ म्हटलं की लगेच पटतं सगळ्यांना! आत्तापर्यंत त्यानं मोकळ्या सांगितलेल्या सगळ्या जागा मी पुन्हा चालणार आहे, पडदा उघडा ठेवून. थांबवला? थांबला ना? हुश्श. देव भलं करो तुमचं.

आला बघा. डबा घेऊन कसा ऐटीत येतोय. मामा! मामा, अरे इकडे! — बघितलंत? मान तरी वळली का? एक मिनिट. घसा खाकरू द्या. हसायचं नाही हं, तुमच्यासारखा आवाज काढतेय —

मामाऽऽ!

वळला.

जा तुम्ही, दादा. जरा तिकडे जाऊन बसा. जा.