जुन्या तांदळाचा गुण

जुन्या तांदळाचं कौतुक मला नका सांगू गं, माझ्याच हातानं रांधलाय तो! निजामाच्या राजातली गोष्ट. ताडकळसजवळ माझं सासर, सगळा ज्वारीचा मुलूख. सासरे गावचे पाटील. त्यांचं पोट बिघडलं तवा वैद्यबुवांनी तीन दिवस लंघन करवलं अन् म्हणाले, "आता वर्षाचा जुना तांदूळ भाजून घ्या, भरपूर पाण्यात शिजवा अन् पेज काढून टाका. पचायला लय हलका."

आमच्याकडं जुना तांदूळ कुठला? सासूबाईंनी पेटीतून कैक वर्षांच्या ओटीच्या तांदळाची गाठोडी काढली. कितीबी धुतला तरी हळद सुटंना. भात झाला मोकळा, अन् पिवळाधमक.

सासरे पाटावर बसले, मी तूप वाढलं, तवर दारात गिरदावर साहेब, सारा-महसुलाच्या सरकारी कामाला आलेले.

"वाह पाटील साब, जाफरानी पुलाव! हमारे वास्ते इत्ती तकलीफ कायकू?"

हळदीचा रंग त्यांना केशराचा वाटला! सरकारच्या माणसाला न्हाई कोण म्हणणार? ताट साहेबापुढं सरकलं. त्यांनी शीतसुद्धा ठेवलं न्हाई. सासरे नुसते बघत होते.

साहेब गेले तसे सासरे थेट चुलीपाशी. "सूनबाई, भाकर हाय का?" दोन भाकरी अन् ठेचा, उभ्याउभ्या खाल्ला.

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांनी नाडी बघितली अन् खूश झाले. "बघा पाटील, जुन्या तांदळाचा गुण!"

सासऱ्यांनी हात जोडले. "खरंच लय हलका, बुवा. पोटाला पत्तासुद्धा लागला न्हाई."